टाके निघाल्यानंतर: मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेतील संशोधनाचा आढावा

डॉ. नोशीर अंतिया हे नाव प्लास्टिक सर्जनांना एका नेमक्या शस्त्रक्रियेमुळे ठाऊक आहे. कानाच्या कडेचा तुकडा गेला, तर उरलेली कड कूर्चा आणि त्वचेसकट सरकवून ती खाच बुजवायची, ही पद्धत त्यांनी बुच यांच्यासोबत १९६७ मध्ये मांडली आणि आजही ती त्या दोघांच्या नावानेच शिकवली जाते. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना हेच नाव ठाऊक आहे ते मांडव्यामुळे. सत्तरच्या दशकात अंतिया यांच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मांडवा परिसरातल्या सुमारे तीस गावांत, तीस हजारांच्या आसपास लोकवस्तीत, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना जेमतेम अक्षरओळख होती. तरीही कुष्ठरोग आणि क्षयापासून कुटुंबनियोजनापर्यंतची पुष्कळशी कामं त्या समर्थपणे करू शकतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक राजकारणाच्या विरोधापुढे तो बंद पडला. कानाची कड आणि मांडव्याची गावं यांचा संबंध वरवर पाहता लागत नाही. मला मात्र मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेतल्या संशोधनाची खरी कसोटी त्या संबंधातच दिसते, आणि हा आढावा त्याच बाजूने घ्यायचा आहे.

अंतिया यांच्याकडे येणारे बरेच चेहरे कुष्ठरोगाने बिघडलेले असत. या रोगात नाकाचा पडदा आतून झिजतो, आधार गेला की नाक बसतं, भुवया गळतात, चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी मिटत नाही आणि उघडा राहिलेला डोळा जायची वेळ येते. बसलेल्या नाकाला आतून त्वचेचं अस्तर लावून ते पुन्हा उभं करायची रीत सर हॅरॉल्ड गिलीज यांची. अंतिया यांनी ती इथल्या रुग्णांवर वापरली आणि तिचे अनुभव शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. हे काम मोलाचंच होतं. पण अशा प्रत्येक नाकामागे एक आधीचा प्रश्न उभा असतो. या माणसाच्या अंगावरचा पहिला बधिर चट्टा कुणी वेळेवर ओळखला असता, तर नाक बसलं असतं का? हा प्रश्न ऑपरेशन थिएटरमध्ये सुचू शकतो, पण तिथे सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये कुष्ठरोगासाठी एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची शिफारस केली, पुढे लवकर निदान आणि औषधं गावापर्यंत पोचू लागली, तशी बसलेली नाकं मुळातच कमी होत गेली. नाक उभं करायचं तंत्र कितीही सुधारलं असतं तरी हे घडलं नसतं.

कुष्ठरोगाची जागा आज तोंडाच्या कर्करोगाने घेतली आहे. जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळतात आणि ८० हजारांच्या आसपास माणसं त्याने दगावतात. महाराष्ट्रात या आकड्यांचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यांत ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू प्रामुख्याने तोंडात राहतो. चुन्याबरोबर मळून गालात धरलेला बार, बायकांच्या हिरड्यांवर घासली जाणारी मिश्री, विदर्भातला खर्रा, आणि जुलै २०१२ पासून राज्यात बंदी असूनही न संपलेला गुटखा. बार जिथे धरला जातो तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत, रोग धरतो. पाश्चात्त्य देशांतल्या सर्जनांसमोर येणारा तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा जिभेचा किंवा जिभेखालचा असतो, आपल्याकडे गाल-हिरडीचा मोठ्या प्रमाणावर. या गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या जनुकीय बदलांचा पहिला मोठा नकाशा २०१३ मध्ये भारतीय चमूने प्रसिद्ध केला. त्यात सहभागी असलेलं टाटा स्मारक केंद्राचं संशोधन केंद्र खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. रोग इथला, तर त्याचे प्रश्नही इथूनच विचारायला हवेत, ही जाणीव त्या कामामागे होती.

माझं म्हणणं असं. या क्षेत्रात महाराष्ट्रातून जे संशोधन जगाला मान्य करावं लागलं, ते इथल्या रुग्णाच्या परिस्थितीतून उठलेल्या प्रश्नांचं आहे. आणि जिथे आपलं संशोधन तोकडं पडतं, तिथे ते टेबलावरच्या दोन-चार तासांपुरतं आणि टाके निघेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांपुरतं पाहत असतं.

पहिल्या प्रकाराचं सर्वांत ठळक उदाहरण मानेच्या गाठींचं आहे. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही. अशा वेळी तोंडातल्या गाठीबरोबर मानेतल्या लसिकाग्रंथीही काढून टाकाव्यात, की मान तशीच ठेवून लक्ष ठेवावं आणि गाठ आली तरच ऑपरेशन करावं? हा वाद जगभर दशकानुदशकं चालला. त्यावर २०१५ पूर्वी नाव घेण्याजोग्या चारच यादृच्छिक चाचण्या होत्या: फ्रान्समधली १९८० ची, मुंबईच्या टाटा रुग्णालयातली १९८९ ची, ब्राझीलमधली १९९४ ची आणि हाँगकाँगमधली २००९ ची. चारही मिळून रुग्ण होते २८३. एकेका चाचणीत सत्तर-पंचाहत्तर रुग्ण असले की फरक असूनही तो हाती लागत नाही, आणि प्रत्येक सर्जन आपल्या गुरूने सांगितलं तसंच करत राहतो. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची चाचणी केली. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब मे २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मान आधीच साफ केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. रोग न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ६९.५ विरुद्ध ४५.९ टक्के होतं. दर आठ रुग्णांमागे एक जीव, इतका हा फरक आहे. एका सरकारी मदतीच्या भारतीय रुग्णालयाने, नवं औषध किंवा यंत्र न वापरता, फक्त शस्त्रक्रिया केव्हा करावी एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन जगाची उपचारपद्धती बदलली.

या प्रश्नात रुग्णाची परिस्थिती कुठे आली, ते मांडव्यावरून पाहिलं की कळतं. 'लक्ष ठेवू' हा पर्याय कागदावर सौम्य दिसतो. त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की रुग्णाने सुरुवातीचे सहा महिने जवळजवळ दर महिन्याला परळला, टाटा रुग्णालयात यायचं, मान दाखवायची आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहायचं. मांडव्याहून गेटवेची लाँच तासाभराची. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो बोटही आहे. पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, आणि रो-रोची सोय जमली नाही तर वडखळ, पेण, पनवेल असा वळसा पडतो. रोजंदारी बुडते, बरोबर एक माणूस लागतो, आणि मानेत काही दुखत नसताना हे सगळं कशासाठी, असं रुग्णाला वाटणं स्वाभाविक आहे. चाचणीतल्या रुग्णांवर तर काटेकोर लक्ष होतं. तरीही वाट पाहिलेल्या गटात गाठ आली तेव्हा ती बऱ्याचदा पुढे गेलेली होती. चाचणीबाहेरच्या रुग्णाची गत याहून वाईट होणार, हे सांगायला आकडेमोड नको.

या चाचणीवर घेतले गेलेले आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला आक्षेप असा, की चाचणीतले बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. गालाच्या कर्करोगाचे त्या मानाने थोडे. म्हणजे आपल्याकडचा खास कर्करोगच या पुराव्यात कमी आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. जिभेवरचं उत्तर गालाला लावण्यामागे शरीररचनेचा तर्क आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. रोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीत उतरतो ती पहारेकरी ग्रंथी किरणोत्सारी द्रव्याच्या मदतीने शोधायची, तीच काढून तपासायची आणि ती स्वच्छ असेल तर मान वाचवायची. फ्रान्स आणि जपानमधल्या २०२० व २०२१ च्या चाचण्यांत ही पद्धत पूर्ण ग्रंथी काढण्याच्या तोडीची ठरली. मग आपण मागासलेली शस्त्रक्रिया करत राहायची का? याला माझं उत्तर असं, की त्या पद्धतीला किरणोत्सारी द्रव्य, ते हुडकणारं उपकरण, ग्रंथीचे बारीक थर तपासायला सवड असलेला पॅथॉलॉजिस्ट आणि गरज पडली तर लगेच दुसरं ऑपरेशन, एवढं सगळं लागतं. टाटासारख्या ठिकाणी ते आहे किंवा येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी जो सर्जन आज ऑपरेशन करतो आहे, त्याला २०१५ चं उत्तर उद्या सकाळी वापरता येतं.

तिसरा आक्षेप मात्र कुणी फारसा घेत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधीच मान साफ केलेल्या गटात सुमारे तीस टक्के रुग्णांच्या ग्रंथींत लपलेला रोग सापडला. उरलेल्या सत्तर टक्क्यांची मान उघडून काहीच मिळालं नाही. त्यांनी किंमत काय मोजली? मानेतून खांद्याकडे एक नस जाते. ती कापली नाही, नुसती ताणली गेली, तरी खांदा उतरतो, दुखतो आणि हात खांद्याच्या वर उचलायला जड जातं. कार्यालयात बसणाऱ्याला हा त्रास सहन होण्यासारखा वाटेल. मांडवा, बोडणी, रेवसच्या कोळ्याला जाळं ओढायचं असतं. मासे विकणाऱ्या बाईला भरलेली टोपली दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घ्यायची असते, आणि नेमकी तीच हालचाल या नसेवर अवलंबून आहे. जीव वाचवण्यासाठी ही किंमत रास्तच आहे, ऑपरेशन करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण वर्षभराने ती बाई टोपली उचलते का, हा प्रश्न आपल्याकडच्या संशोधनात मुख्य मोजमाप म्हणून क्वचित येतो. तीन वर्षांनी जिवंत किती, हे मोजलं जातं. कामावर परतले किती, हे नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याच्या लेखी हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार दूर नाहीत.

रुग्णाच्या खिशातून उठलेल्या प्रश्नाचीही आपल्याकडे उत्तम उदाहरणं आहेत. रोग उलटून आला, ऑपरेशन शक्य नाही, अशा रुग्णांना शिरेतून द्यायच्या केमोऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या स्वस्त गोळ्या घरी देऊन पाहण्याची चाचणी टाटा रुग्णालयाने केली. ४२२ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आले: गोळ्यांवरच्या गटाचं मध्यक आयुष्य ७.५ महिने, शिरेतल्या केमोवरच्या गटाचं ६.१ महिने. स्वस्त औषध महाग औषधाइतकं चालेल का, एवढंच पाहायला निघालेल्या चाचणीत ते सरस निघालं. पुढे २०२३ मध्ये निवोलुमॅब या अतिमहाग औषधाचा प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, फक्त २० मिलिग्रॅमचा डोस अशाच गोळ्यांबरोबर दिला, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. औषध बनवणाऱ्या कंपनीला आपलं औषध कमी देऊन भागेल का, हा प्रश्न पडण्याचं कारण नाही. तो प्रश्न ज्यांना पडला ते रोज अशा रुग्णांसमोर बसत होते ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडली नसती.

आता कमकुवत बाजू. सुपारीने तोंडाच्या अस्तराखाली तंतू घट्ट होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. भारतात १९५३ मध्ये जोशी यांनी या विकाराची नोंद केली. वैद्यकीय नाव सबम्यूकस फायब्रोसिस. रुग्ण म्हणतात 'तोंड उघडत नाही'. तपासणारा सर्वांत आधी रुग्णाला स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगतो. निरोगी माणसाची तीन जातात. सुपारी आणि गुटखा काही वर्षं चघळलेल्या पंचविशीतल्या तरुणाची दोन जातात, मग एक, मग भाकरीचा तुकडा मोडून आत सरकवावा लागतो. तिखट तर आधीच सुटलेलं असतं. हा विकार नुसता गैरसोयीचा नाही. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. १९८५ मधला हा अभ्यास अजूनही आधाराला घ्यावा लागतो, कारण इतका चिकाटीचा पाठपुरावा त्यानंतर फारसा झाला नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूने मुंबईच्या खन्ना आणि अंद्रादे यांनी १९९५ मध्ये १०० रुग्णांचा अनुभव मांडला, तोंड किती उघडतं त्यावरून रुग्णांचे गट पाडले आणि पुढे गेलेल्या रुग्णांसाठी तंतूंचे पट्टे कापून ती जागा टाळूच्या पेशींनी झाकायची व जबड्याचे अडणारे स्नायू सोडवायचे, असा मार्ग सुचवला. ते वर्गीकरण आजही वापरात आहे. पण २००८ मध्ये कॉक्रेन समीक्षकांनी या विकाराच्या उपचारांवरच्या विश्वासार्ह चाचण्या शोधल्या, तेव्हा त्यांना दोनच मिळाल्या, रुग्ण ८७. ज्या देशात या विकाराचे सर्वाधिक रुग्ण, त्याच देशाने त्यावर इतका थोडा पक्का पुरावा जमवावा, ही खरी लाजेची बाब आहे. नंतर चाचण्या वाढल्या, पण बहुतेक लहान आणि थोड्या महिन्यांच्या.

आणि इथे काही महिन्यांचा निष्कर्ष जवळजवळ निरुपयोगी असतो. ऑपरेशनच्या टेबलावर भूल असताना तोंड सर्जनला हवं तितकं उघडता येतं. खरी लढाई त्यानंतरची: रोज कित्येकदा दाढांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक सरकवून तोंड ताणायचं, दुखत असताना ताणायचं, महिनोन्महिने ताणायचं. हे थांबलं की तंतू पुन्हा घट्ट होतात. रुग्ण सुपारीकडे परतला तर काहीच उरत नाही. म्हणजे या शस्त्रक्रियेचा निकाल रुग्णाच्या घरी लागतो, आणि तिथे मोजायला कुणी नसतं. कुठला पेशीपट्टा वापरला यावर पन्नास शोधनिबंध मिळतील. व्यायाम चालू ठेवायला रुग्णाला कशाने मदत होते, यावर चांगला अभ्यास शोधावा लागतो.

असं का होतं, याचं कारण संशोधकांच्या कुवतीत नसून व्यवस्थेत आहे. मुखशल्यचिकित्सेतला एमडीएस अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात विषय निवडायचा, नैतिक समितीची मंजुरी घ्यायची, रुग्ण जमवायचे, पाठपुरावा करायचा आणि प्रबंध वेळेत द्यायचा. पाठपुराव्याला हाती उरतं वर्ष-दीड वर्ष. म्हणून अक्कलदाढेवरचे अभ्यास भरमसाट होतात: रुग्ण भरपूर, सूज, वेदना आणि तोंड उघडणं सात दिवसांत मोजून मोकळं. त्या अभ्यासांनी वेदनाशामकांचं ज्ञान वाढवलंही. पण अक्कलदाढेची सूज हा महाराष्ट्राच्या तोंडाचा मुख्य प्रश्न नव्हे. २०२१ च्या म्यूकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या साथीत हीच उणीव ठसठशीत दिसली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शेकडो रुग्णांचे वरचे जबडे काढावे लागले. मे महिन्यात केंद्राला राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगावं लागलं. सर्जनांनी त्या महिन्यांत जे काम केलं त्याला तोड नाही. त्यानंतर रुग्णमालिकांचे निबंधही पुष्कळ आले. पण टाळूच नसलेला माणूस प्लेट बसेपर्यंत कसा जेवतो, प्यालेलं पाणी नाकातून येत असताना चार लोकांत कसा बसतो, जबडा बसवायला त्याला किती काळ वाट पाहावी लागली आणि कितींना तो मिळालाच नाही, याचा राज्यभराचा एकसारखा हिशेब ठेवायची संधी आपण घालवली.

यावर सर्जन म्हणतील, आणि ते रास्त म्हणतील, की आमचं काम शस्त्रक्रिया करण्याचं. तंबाखू सोडवणं, गावात तपासण्या करणं, व्यायामाचा पाठपुरावा करणं हे सार्वजनिक आरोग्याचं. प्रत्येकाने सगळंच करायचं ठरवलं तर कुणाचंच धड होणार नाही. पण कामाची विभागणी आणि पुराव्याची विभागणी यांत फरक आहे. सर्जनने गावोगाव फिरावं असं कुणी म्हणत नाही. त्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल मात्र तिच्या आधी आणि नंतर घडणाऱ्या गोष्टींवर ठरत असेल, तर त्या गोष्टी वगळून काढलेला निष्कर्ष अपुरा राहतो. मोठ्या गाठीसाठी गालापासून जबड्यापर्यंत काढून छातीच्या किंवा पायाच्या पेशींनी ती जागा भरून काढणं, हे आपल्या सर्जनांनी कमालीचं साधलं आहे. त्या रुग्णाची गाठ वाटाण्याएवढी असताना कुणी पाहिली असती, तर या कौशल्याची गरजच पडली नसती. हा शोध सर्जनच्या शास्त्राबाहेरचा कसा?

तो शोध मुंबईने फार आधी सुरू केला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागात डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी, कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने, खेड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातल्या पाहणीत १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थ होते. कर्करोगाआधी तोंडात पांढरे-लाल चट्टे दिसतात आणि ते तंबाखूच्या सवयीला धरून असतात, हे ज्ञान असं पायपीट करून मिळालेलं आहे. त्याच परंपरेत १९८६ चा लॅन्सेटमधला अभ्यास येतो. केरळ, गुजरात आणि आंध्रमधल्या ३६ हजारांहून अधिक तंबाखूसेवकांना समोर बसवून समजावलं, तर सवयी सुटतात आणि चट्टेही घटतात, असं त्यातून दिसलं. पुढे तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तेरा पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या नजरेने तोंडं तपासली. २००५ च्या निष्कर्षात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले कर्करोगमृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सगळ्या लोकसंख्येचा विचार केला तर फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही, आणि तेराच गट असल्याने या अभ्यासावर टीकाही झाली. ती टीका बरोबर आहे. पण तिचा निष्कर्ष 'तपासणी नको' असा निघत नाही. जोखीम असलेल्यांची तपासणी करा आणि इथे, आपल्या परिस्थितीत, ती नीट मोजा, असा निघतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मुंबईच्या वस्त्यांत नेमकं हेच झालं: थोडक्या प्रशिक्षणाच्या आरोग्यसेविकांनी केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं टाटा रुग्णालयाने दाखवलं.

गावपातळीवरच्या कार्यकर्तीला हे जमेल का, अशी शंका आजही घेतली जाते. मांडव्याने तिचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दिलं आहे. आज तर आशा कार्यकर्तीच्या हातात तक्ता आहे, आणि त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा चट्टा आहे का, हे प्रश्न छापलेले आहेत. तिशीपुढच्या सगळ्यांच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तोंडाची कर्करोग तपासणी कधीतरी झालेल्यांचं प्रमाण देशात एका टक्क्याच्या आसपास निघालं. तक्ता भरला जातो, पण संशयित रुग्ण पुढे कुठे गेला, त्याची बायॉप्सी झाली का, किती दिवसांनी ऑपरेशन झालं, ही साखळी कुणी जोडत नाही. ती जोडणं हेच मुखशल्यचिकित्सेतलं आजचं सर्वांत निकडीचं क्लिनिकल संशोधन आहे असं माझं ठाम मत आहे.

मांडव्याचा प्रयोग बंद का पडला, हेही इथे आठवायला हवं. त्याचं अपयश वैद्यकीय नव्हतं. गावातल्या बायका शहाण्या आणि बोलत्या झाल्या, तशी सत्तेची जुनी घडी हलली, आणि बाहेरून आलेल्या संस्थेला स्वतःचा राजकीय आधार नव्हता. स्वयंसेवी प्रयोग कितीही चांगला असला तरी सरकारी यंत्रणेला चिकटलेला नसेल तर टिकत नाही, असा अर्थ यातून काढला जातो आणि तो मला बराचसा पटतो. म्हणून नव्या स्वतंत्र प्रकल्पाची मागणी मी करत नाही. जे आहे ते जोडता येईल. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, खारघरला कर्करोग संशोधन केंद्र आहे, मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे, गावागावांत आशा आहेत.

राज्यातल्या दंत महाविद्यालयांच्या मुखशल्यचिकित्सा विभागांना आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला म्हणूनच एक विनंती. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला तीस-चाळीस रुग्णांचा वेगळा विषय देण्याऐवजी एकच विषय, एकच आराखडा सगळ्या महाविद्यालयांना द्या आणि एका तुकडीचे रुग्ण पुढच्या तुकडीकडे सोपवा. विद्यार्थ्याला त्याचा प्रबंध मिळेल, आणि राज्याला पाच-सात वर्षांचा पाठपुरावा. सुरुवात 'तोंड उघडत नाही' या विकाराने करा. तोंड किती मिलिमीटर उघडतं ते ऑपरेशनच्या दिवशी मोजता तसं वर्षाने, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी मोजा, आणि रुग्ण येऊ शकत नसेल तर आशा कार्यकर्तीकडून त्याच्या घरी मोजून घ्या. सुपारी सुटली का, काम सुरू आहे का, घरच्यांबरोबर बसून तो तेच जेवण जेवतो का, एवढे तीन प्रश्न त्याच कागदावर विचारा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, परदेशी निधी लागत नाही. मोजपट्टी प्रत्येक विभागात आहे आणि रुग्ण रोज दारात येतो आहे.